कलश नको, डोंगर करा: सोसायटीच्या चौकातलं मोझॅकचं कारंजं

वाचकाचं पत्र: आमची पुण्यात 64 सदनिकांची सोसायटी आहे. मधला चौक साधारण 11 मीटर बाय 9 मीटर आणि त्याखाली पार्किंग. बिल्डरने बसवलेलं फायबरचं कारंजं कित्येक वर्षं बंद होतं, ते आम्ही काढून टाकलं. त्या जागी सगळ्यांनी मिळून मोझॅकचं जलशिल्प करावं असं सभेत बोलणं झालं आहे. आठ फुटी कलश, त्यावर मोर आणि मोराच्या तुऱ्यातून उडणारं पाणी, अशी कल्पना आहे. घरोघरच्या बाथरूम दुरुस्तीतून निघालेल्या टाइल्सची पोती जमवून ठेवली आहेत. सोबत बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधल्या सरड्याचा फोटो पाठवत आहे, तसं काहीसं हवं. शंका अशा: खाली पार्किंगमध्ये गळेल का? डास होतील का? लहान मुलांचं काय? आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हे करावं का? शिवाय प्रत्येक घराचं नाव शिल्पावर यावं असा काहींचा आग्रह आहे. (सचिव, पुणे)

सप्रेम नमस्कार,

काम होण्यासारखं आहे आणि सगळ्यांच्या हातून होणार आहे, ही फार चांगली गोष्ट. पण कलश आणि मोर आत्ताच बाजूला ठेवा, ही पहिली विनंती.

सोसायटीतलं कारंजं दिवसाला फार तर चार तास चालतं. उरलेले वीस तास ते कोरडं उभं असतं आणि टँकरच्या दिवसांत तर आठवडेच्या आठवडे. उडणाऱ्या पाण्यावर सगळी मदार ठेवलेलं शिल्प पाणी थांबलं की नुसता पाइप होऊन राहतं. तुमच्या जुन्या कारंज्याचं हेच झालं असणार. म्हणून कोणताही आराखडा समोर आला की आधी विचारा, हे बंद असताना कसं दिसेल? मोझॅक याच कसोटीला उतरतं. कोरडं असताना रंग दिसतात, ओलं झाल्यावर तेच रंग गडद होतात.

दुसरं, पाणी उडवू नका, शिल्पाच्या अंगावरून ओघळू द्या. आठ फुटांवरून उडणारं पाणी वाऱ्याबरोबर तळमजल्याच्या खिडक्यांत जातं, फरशी निसरडी करतं आणि रात्री आवाजाच्या तक्रारी आणतं. साठवून पुन्हापुन्हा फिरवलेल्या कोमट पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर लिजिओनेला जंतूचा धोका असतो, हेही लक्षात ठेवा. ओघळणाऱ्या पाण्यात तुषार जवळजवळ नसतात आणि पाणीही कमी उडून जातं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला सरडा नीट पाहा. त्याच्या फक्त तोंडातून पाणी येतं. वरच्या गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी खांबांमधून खालच्या टाक्यात उतरतं आणि टाकं भरून वाहिलं की ते सरड्याच्या तोंडातून बाहेर पडावं, अशी पार्कचा वास्तुशिल्पी अन्तोनी गौदीची मूळ योजना. अंगावरचं तुकड्यांचं मोझॅक सतत भिजत नाही. नेक चंद यांच्या चंडीगडच्या रॉक गार्डनमध्येही (लोकांसाठी ते 1976 मध्ये खुलं झालं) फुटक्या बांगड्यांच्या आणि कपबशांच्या आकृत्या बहुतेक कोरड्या जागी उभ्या आहेत. तुमचं शिल्प रोज भिजणार आणि रोज वाळणार. त्याचे नियम वेगळे.

आकार पाण्याला विचारून ठरवा

कलशाचा प्रश्न असा, की काठावरून सुटलेलं पाणी त्याच्या पोटापर्यंत छान चिकटून येतं. पोटाखाली आकार आत वळला की पाणी पृष्ठभाग सोडतं आणि थेंबाथेंबांनी खाली पडतं. खालचा अर्धा कलश कोरडा राहतो, त्यावर फक्त शिंतोड्यांचे पांढरे डाग उठतात. मोराची मान, चोच, पिसारा, सगळीकडे हीच अडचण. म्हणून नियम एकच: वरून खाली आकार सतत रुंदावत गेला पाहिजे, कुठेही आत वळता कामा नये.

आमची सूचना सह्याद्रीतल्या डोंगराची. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले आहेत, त्यामुळे कडा आणि पायरी, पुन्हा कडा आणि पायरी, अशीच त्यांची ठेवण असते. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरून पाणी जसं उतरतं, तेच तुम्हाला चौकात हवं आहे. शिल्पाची उंची दीड मीटर, माथ्याचा व्यास 60 सेंमी आणि पायाचा 1.2 मीटर धरा. दर 10-12 सेंमीवर बोटभर रुंदीची, बाहेर उतरती पायरी काढा. प्रत्येक पायरीवर पाणी क्षणभर अडतं, आडवं पसरतं आणि पुन्हा सुटतं. गुळगुळीत उभ्या चकाकीवर ते असं पसरत नाही. दोनचार धारा धरून खाली पळतं आणि मधली जागा कोरडी राहते. म्हणून तुकडे छोटे, 15 ते 25 मिमीचे ठेवा आणि सांध्यातला ग्राउट (तुकड्यांमधल्या फटी भरायचा मसाला) पृष्ठभागापासून जेमतेम 1 मिमी खोल पुसा.

माथ्याचा काठ मात्र मोझॅकचा करू नका. सगळं कारंजं या एका काठावर चालतं. 60 सेंमी व्यासाच्या काठाची लांबी 188 सेंमी. ओघळत्या पाण्यासाठी दर सेंमीला ताशी सुमारे 30 लिटर पाणी लागतं, म्हणजे एकूण ताशी 5,700 लिटरच्या आसपास. एवढं पाणी काठावरून जाताना त्याची जाडी फक्त 6 मिमी असते. आता काठ एका बाजूला 3 मिमी खाली असला तर त्या बाजूने समोरच्या बाजूच्या दुपटीहून जास्त पाणी जातं आणि अर्धा डोंगर कोरडा राहतो. हाताने लावलेल्या तुकड्यांत 3 मिमीचा फरक सहज पडतो. त्यामुळे काठाला यंत्रावर घासलेली एकसंध दगडी कडी घ्या, नाहीतर 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची कडी चार बोल्टवर बसवा, म्हणजे नंतरही लेव्हल करता येईल. क्लोरीनच्या पाण्यात 304 प्रतीच्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. तिथे काटकसर नको.

माथ्याच्या आत 15 सेंमी खोल वाटी ठेवा आणि पाइपाच्या तोंडावर 5 सेंमी अंतरावर एक आडवी तबकडी बसवा. ती नसली तर पाणी मध्ये उकळी फुटल्यासारखं वर येतं आणि एकाच बाजूला सांडतं.

खाली पार्किंग आहे, म्हणून

गळण्याइतकाच वजनाचा विचार करा. पार्किंगवरच्या स्लॅबवर कट्टा बांधताना ठेकेदार आत डबर भरतात. तुमच्यासाठी लागणारा 3.6 मीटर व्यासाचा, 45 सेंमी उंच कट्टा डबराने भरला तर एकट्या भरावाचंच वजन सात टनांच्या घरात जाईल. तोच कट्टा 10 सेंमी जाडीच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींवर पोकळ बांधला, वर फेरोसिमेंटच्या फळ्या टाकल्या आणि शिल्पही आतून पोकळ ठेवलं, तर पाण्यासकट सगळं मिळून दोन टनांच्या आसपास बसतं. हे आकडे आणि इमारतीचे मूळ आरसीसी नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. शिल्पाचा पाया तुळईवर किंवा खांबाच्या माथ्यावर येईल अशी जागा त्यांच्याकडून नकाशावर खूण करून घ्या आणि लेखी अभिप्राय घ्या. चौकाचा बरोबर मध्य आणि ही जागा जुळली नाही तर मध्याचा हट्ट सोडा. अग्निशमन गाडीची मंजूर नकाशातली वाट अडत नाही ना, तेही त्याच वेळी बघा.

स्लॅबला एकही भोक पाडू नका. अँकर नको, खोदकाम नको, जुन्या कोब्याला छिन्नी लावणं नको. वर पाण्यासाठी वेगळी टाकी ठेवली की स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचा आणि कारंज्याचा संबंधच येत नाही. कट्ट्याच्या पोकळीत मापाची चपटी एफआरपी (फायबरची) टाकी करून घ्या: 1.6 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 35 सेंमी उंच. तिच्यात 25 सेंमी, म्हणजे 400 लिटर पाणी भरा. वरची 10 सेंमी रिकामी ठेवा, कारण पंप बंद झाला की माथ्याच्या वाटीतलं आणि पाइपातलं सगळं पाणी परत येतं. परत आलेलं पाणी चढेल त्या पातळीच्या वर 75 मिमीचा ओव्हरफ्लो (जादा पाण्याची वाट) काढून तो चौकाच्या पावसाच्या पन्हाळीत सोडा. हा ओव्हरफ्लो काढायचा राहून गेला तर पहिल्याच मोठ्या सरीला कट्ट्याच्या आत तळं होईल आणि पार्किंगमधला डाग बघून सगळे कारंज्याला दोष देतील.

कट्ट्याचा वरचा भाग असा विभागा. शिल्पाच्या पायापासून 75 सेंमी रुंदीचा ओला पट्टा, आत शिल्पाकडे 50 ला 1 उतरता. त्याबाहेर 45 सेंमी रुंद कोरडी बैठक. उतरत्या पाण्याचे शिंतोडे शिल्पाच्या उंचीच्या निम्म्या अंतरात पडतात, म्हणून 75. शिल्पाच्या पायाशी गोल फिरणारी स्टीलची झिरी ठेवा. तिची फट 8 मिमीपेक्षा कमी हवी, म्हणजे मुलांची बोटं अडकणार नाहीत. पाणी झिरीतून टाकीत जातं, उघडं पाणी कुठेच साठत नाही. मुलं खुशाल हात लावू देत. बुडण्याइतकं पाणीच समोर नाही, ओढून घेणारं पंपाचं तोंडही हाताला लागत नाही.

डासांचं उत्तरही इथेच येतं. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. टाकी बंद, ओव्हरफ्लोच्या तोंडावर 1 मिमीची जाळी आणि रोज पंप चालू, एवढं पाळलं तर शिल्पात डास होत नाहीत. धोक्याची जागा वरची वाटी. प्लंबर सवयीने पंपापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवतात. इथे तो बसवू देऊ नका. तो असला तर पंप थांबल्यावर वाटीत 35 लिटर पाणी वर, कोणाच्या नजरेला न पडता, साठून राहतं. तो नसला तर पाणी पाइपातूनच उलटं टाकीत उतरतं आणि वाटी कोरडी होते. पंप तीन दिवसांहून अधिक बंद राहणार असेल तर टाकी उपसून झाडांना घाला.

पोत्यांतल्या टाइल्स

वाईट वाटेल, पण त्यातल्या बहुतेक ओल्या भागात चालणार नाहीत. बाथरूमच्या भिंतीच्या जुन्या सिरॅमिक टाइल्स पाठीमागून सच्छिद्र असतात, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात. रोज भिजून आणि वाळून त्यांची चकाकी पापुद्र्यांनी सुटते. चाचणी घरी करता येते. तुकडा पालथा घाला आणि पाठीवर पाण्याचा एक थेंब सोडा. मिनिटभरात थेंब जिरला आणि गडद डाग पडला तर तो तुकडा ओल्या भागासाठी बाद. थेंब तसाच गोल उभा राहिला तर पुढची परीक्षा: एक किलो कोरडे तुकडे 24 तास पाण्यात ठेवा, फडक्याने पुसा, पुन्हा तोला. वजन 5 ग्रॅमच्या आत वाढलं तर त्या पोर्सिलेनच्या किंवा व्हिट्रिफाइड टाइल्स, त्या बिनधास्त वापरा. त्याहून जास्त वाढलं तर त्या, आणि थेंबाच्या चाचणीत बाद झालेल्याही, कोरड्या बैठकीच्या बाहेरच्या अंगाला लावा. तिथे घरोघरच्या टाइल्स ओळखूही येतील आणि टिकतीलही.

संगमरवर ओल्या भागात नको, कारण क्षारांचे डाग काढायला सौम्य आम्ल लागतं आणि ते संगमरवर खातं. बांगड्यांच्या काचा दिसतात सुरेख, पण जिथे मुलांचा हात पोचतो तिथे त्या लावू नका. जमिनीपासून सव्वा मीटरपर्यंत कारखान्यातून आलेल्या गोल कडांच्या काचेच्या किंवा पोर्सिलेनच्या चकत्या, किंवा कार्बोरंडमच्या दगडावर पाण्यात घासून कडा मारलेले तुकडेच वापरा. टाइल फोडताना गॉगल घालायचाच. कापणं आणि घासणं नेहमी पाणी लावूनच. सुक्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे. डोंगर म्हटलं की काळा रंग सुचेल. ओल्या भागात काळा वापरू नका. बोअरवेलच्या आणि टँकरच्या कठीण पाण्याचे क्षार काळ्यावर महिन्याभरात पांढरे ओघळ काढतात. राखाडी, वाळूचा, फिकट हिरवट, मातीचा, असे मधले रंग पाण्यासाठी ठेवा. काळा पायरीच्या खालच्या सावलीत पातळ रेघेसारखा येऊ द्या. अगदी पांढऱ्यावर शेवाळ लगेच दिसतं, तेही टाळा. पश्चिमेच्या बाजूला गडद काच नकोच. मे महिन्याच्या दुपारी ती चटका बसेल इतकी तापते आणि संध्याकाळी अचानक पाणी पडलं की तडकते किंवा सुटते. त्या दिवसांत पंप ऊन उतरल्यावर तासाभराने लावा.

सांगाडा आणि कोऱ्या डोंगरावरची चाचणी

8 मिमीच्या सळया 15 सेंमी अंतराने वाकवून सांगाडा करा. त्यावर एक थर वेल्डमेश आणि दोन्ही बाजूंना कोंबडी जाळी, दर 15 सेंमीवर तारेने घट्ट बांधलेली. जाळी सैल राहिली की मसाला मागे पोकळ राहतो आणि वर्षाभराने तिथेच तडा जातो. एक भाग सिमेंटला दोन भाग चाळलेली वाळू, आणि 50 किलोच्या पोत्याला साधारण 20 लिटर पाणी. जाडी 25 ते 30 मिमी. एका बाजूने दाबताना दुसऱ्या बाजूने फळी धरायला माणूस हवाच. चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवा आणि एकूण 28 दिवस होईपर्यंत टाइल लावू नका. घाई केली तर सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन सांध्यांवर पांढरा फुलोरा धरतो.

आतून जाणारा पाण्याचा पाइप 50 मिमीचा घ्या आणि तो 90 मिमीच्या दुसऱ्या पाइपातून घाला. उद्या आतला पाइप बदलायचा झाला तर तो ओढून काढता येईल, मोझॅक फोडावं लागणार नाही.

मसाला पक्का झाला की टाइलच्या आधी त्या कोऱ्या सिमेंटच्या डोंगरावरून पाणी सोडा, ठरलेला पंप लावून. तासभर सगळ्या बाजूंनी बघा. कुठे पाणी सुटतं, कुठे एकच धार धरतं, कुठली बाजू कोरडी राहते, ते खडूने खुणा करा आणि मसाल्याने पायऱ्या दुरुस्त करा. पुन्हा सोडा. दोन-तीन फेऱ्या लागतील. या कामाला दोन दिवस द्या आणि ठेकेदार कुरकुरला तरी हे सोडू नका. टाइल लागल्यावर पाण्याची वाट बदलता येत नाही.

मग शिल्पाला आणि ओल्या पट्ट्याला पॉलिमर-सिमेंटचं वॉटरप्रूफिंग, दोन हात, मिळून दीड ते दोन मिमी. शिल्प आणि पट्टा मिळतात त्या कोपऱ्यात आधी गोलाई काढा आणि फायबर जाळीची पट्टी दाबा. झिरीची तोंडं बुचांनी बंद करून आणि पट्ट्याच्या कडेला मातीचा बांध घालून 72 तास पाणी उभं ठेवा. बाजूला पाण्याची बादली ठेवून दोन्हीची पातळी मोजा. बादलीतलं जितकं उतरलं तितकंच पट्ट्यावरचं उतरलं तर ते बाष्पीभवन. जास्त उतरलं तर गळती आहे, पुढे जाऊ नका.

सगळ्यांच्या हातचं काम

डोंगराच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे 4.3 चौरस मीटर. तुकडे आधी कागदावर चिकटवून 20 सेंमी चौरसाचे ताव केले तर 108 लागतील. म्हणजे प्रत्येक घराला एक देऊन 44 उरतात, ते मुलांच्या गटांना द्या. नाताळची सुट्टी या कामाला उत्तम.

बाजारात जाळीवर चिकटवलेले ताव मिळतात. त्यांतल्या पुष्कळांचा गोंद पाण्यात विरघळतो आणि सहा महिन्यांत चकत्या सुटू लागतात. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने घरी जाळीवर चिकटवलेलंही तसंच सुटतं. त्यापेक्षा खाकी कागद आणि मैद्याची खळ घ्या. तुकड्याची चांगली बाजू कागदावर, पाठ वर. दोन तुकड्यांत 2-3 मिमी फट. चित्र कागदावर उलटं काढायचं. ताव वाळला की शिल्पावर ॲडेसिव्ह थापून पालथा दाबायचा आणि वीसेक मिनिटांनी कागद ओल्या स्पंजने भिजवून सोलायचा. खळ पाण्याने निघून जाते, तुकड्यांच्या पाठीमागे सिमेंटशिवाय काहीच राहत नाही. तयार ताव पंधरा दिवसांत लावा. जास्त ठेवले तर खळीला बुरशी आणि झुरळं लागतात.

ॲडेसिव्ह पांढरं आणि पिशवीवर सी2टीई एस1 असं छापलेलं घ्या. काच पारदर्शक असते, राखाडी ॲडेसिव्हने तिचा रंग मळतो. शिल्प आणि ओला पट्टा मिळून 9 चौरस मीटर, त्याला 20 किलोच्या तीन पिशव्या पुरतील. ग्राउट इपॉक्सी, 28 ते 30 किलो, पण एका वेळी एकच किलो कालवा. उन्हाळ्यात ते अर्ध्या तासात हाताबाहेर जातं आणि टाइलवर राहिलेला थर नंतर निघता निघत नाही. इपॉक्सीचं काम शेजाऱ्यांकडे सोपवू नका, ते सवयीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. शिल्पाचा पाया आणि पट्टा यांच्यातला सांधा ग्राउटने भरू नका, तिथे पॉलियुरेथेन सीलंट. ऊन-पावसात दोन्ही वेगवेगळे हलतात. शेवटचा ग्राउट झाल्यावर सात दिवस पाणी सोडू नका.

पंप, वीज, पाणी

दुकानात खोक्यावर "ताशी 6,000 लिटर" लिहिलेला पंप हातात देतील. तो आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला टाकीतल्या पाण्यापासून काठापर्यंत 1.65 मीटर आणि पाइपातला अडथळा धरून अडीच मीटर उंचीला ताशी 6,000 लिटर हवेत. पंपासोबतचा आलेख मागा आणि त्यावर ते टोक शोधा. असा पंप साधारण 120 वॅटचा असतो. रोज चार तास चालवला तर महिन्याला 15 युनिटच्या आत.

24 व्होल्टचा पंप मिळाला तर तोच घ्या. 230 व्होल्टचा घ्यावा लागला तर तो पाण्यात बुडवू नका. कट्ट्यातच टाकीशेजारी वेगळा कोरडा कप्पा करा, टाकीच्या बुडातून पाणी पंपाकडे येऊ द्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि व्यवस्थित अर्थिंग हवंच. लोक ज्याला हात लावणार त्या पाण्यात 230 व्होल्टची तार असता कामा नये, यात सवलत नाही. दिवे पाण्यात नको. बाहेरच्या बैठकीतून खालून वर तिरपा उबदार प्रकाश टाका, पायऱ्यांच्या सावल्या उठून दिसतात आणि दिवे कोरडे राहतात.

पाण्याचा हिशेब सभेत स्पष्ट मांडा. एप्रिल-मेमध्ये चार तास चालवलं तर बाष्पीभवन आणि शिंतोडे धरून दिवसाला 40 ते 60 लिटर भर घालावी लागेल. टाकीत वापरण्याजोगं पाणी सुमारे 270 लिटर, म्हणजे पाच दिवसांची बेगमी. तेवढंही द्यायचं नसेल त्या महिन्यात बंद ठेवा. ते बंद असतानाही उभं राहावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. शक्य झालं तर गच्चीवरचं पावसाचं पाणी वापरा, त्यात क्षार कमी असतात.

देखभाल एका माणसाच्या नावावर ठेवा, समितीच्या नावावर नको. दिवसाआड 400 लिटरला 4-5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 20 मिली, आणि चाचणीपट्टीवर क्लोरीन 1 ते 2 पीपीएम. आठवड्याला गाळणी धुणे. महिन्याला क्षारांच्या रेषा पाच टक्के सायट्रिक आम्लाने पुसून साध्या पाण्याने धुणे. बाथरूमचं ॲसिड कधीही नाही, ते आतल्या सिमेंटला आणि स्टीलला खातं. कट्ट्यात 60 बाय 60 सेंमीचं झाकण आधीच ठेवलेलं असलं तर ही सगळी कामं एकटा माणूस करू शकतो.

कामाचा क्रम असा लावा: पावसाळा संपताच बांबू आणि ताडपत्रीचा खऱ्या मापाचा डोंगर आठ दिवस चौकात उभा करा, म्हणजे उंची जास्त वाटते का, कोणाची खिडकी अडते का, हे सभासद सभेआधीच सांगतील. मग अंदाजपत्रकासह सर्वसाधारण सभेचा ठराव. नोव्हेंबरात सांगाडा, जानेवारीत टाइल, फेब्रुवारीत पाणी.

नावांबद्दल. ओल्या भागात अक्षरं नकोत, क्षारांनी ती वर्षभरात वाचता येत नाहीत. कोरड्या बैठकीच्या बाहेरच्या उभ्या अंगाला 11.3 मीटर लांबी मिळते, म्हणजे प्रत्येक घराला साडेसतरा सेंमी. त्या जागी त्या-त्या घरातून निघालेल्या टाइलचाच तुकडा बसवा, नाव हवं तर त्यावर. ताव पालथे लावायचे असल्याने अक्षरं कागदावर आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागतील. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हमखास चुकते, तेव्हा लावण्याआधी प्रत्येक ताव आरशासमोर धरून ज्याचं त्याने वाचून घ्यावं. आणि प्रत्येक रंगाचे अर्धा-अर्धा किलो तुकडे, ग्राउटचा रंगक्रमांक आणि पंपाचा आलेख एका डब्यात घालून तो डबा सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. दुरुस्तीच्या दिवशी तोच शोधला जातो.